रूट पासवर्ड न मागता

सांवेरजवळचं एक सोयाबीनचं शेत नकाशावर पार स्वालबार्डच्या दक्षिणेला, बॅरेंट्स समुद्रात जाऊन बसलं होतं. अक्षांश ७५.८, रेखांश २२.९. आकडे बरोबर होते, फक्त त्यांची अदलाबदल झाली होती. हा नकाशा सरांच्या मॅकवरचा. तोच प्रोग्रॅम आणि तीच जीपीएसची फाईल संगणक केंद्रातल्या सर्व्हरवर चालवली की शेत इंदूरच्या उत्तरेला, असायला हवं तिथेच दिसायचं.

ही जुलै २०२४ ची गोष्ट. सोयाबीनवरच्या पिवळ्या मोझॅक या रोगाचं सर्वेक्षण करणारा हा गट. सांवेर, देपालपूर भागातून रोज नव्या नोंदी येत होत्या आणि रोग कुठून कुठे सरकतोय ते दर आठवड्याला काढायचं होतं. सरांनी मला बोलावलं ते मॅक बिघडलाय का हे बघायला. प्रोग्रॅम लिहिणारा विद्यार्थी मात्र वेगळ्याच काळजीत होता. "ताई, मॅक चुकतोय हे कळलं, कारण शेत समुद्रात गेलं. पण सर्व्हर बरोबर आहे हे कशावरून?" हा प्रश्न त्याला पडला याचं मला फार बरं वाटलं. बरेच जण आपल्याला हवं ते उत्तर देणाऱ्या मशीनवर काम उरकून मोकळे होतात.

कारण लवकर सापडलं. प्रोग्रॅम जीडॅल ही नकाशाचा डेटा वाचणारी, बदलणारी लायब्ररी वापरत होता. जीडॅलच्या जुन्या आवृत्त्या निर्देशांक कायम आधी रेखांश, मग अक्षांश असे घ्यायच्या. पण जीपीएसच्या निर्देशांकांना जो ईपीएसजी ४३२६ हा क्रमांक लावतात, त्याच्या अधिकृत व्याख्येत अक्षांश पहिला आहे. २०१९ साली जीडॅल ३.० आलं आणि तेव्हापासून ते ही व्याख्या पाळू लागलं. मॅकवर नवं जीडॅल होतं, सर्व्हरवर जुनं. जुना क्रम हवा असेल तर नव्या जीडॅलला तसं सांगता येतं, प्रोग्रॅममध्ये एका ओळीचं काम. पण ते फंक्शन जुन्या जीडॅलमध्ये मुळात नाही. म्हणजे मॅकसाठी दुरुस्त केलेला प्रोग्रॅम सर्व्हरवर कंपाइलच होणार नाही. गटाच्या सगळ्या मशीनवर एकच जीडॅल असल्याशिवाय सुटका नव्हती.

आणि सर्व्हर होता सेंटओएस ७ या लिनक्सचा. त्याची मुदत ३० जूनला संपलेली. पॅकेजं कुठल्या मिरर सर्व्हरवरून घ्यायची त्याची यादी देणारा पत्ताही बंद पडला, त्यामुळे यम या त्याच्या पॅकेज बसवणाऱ्या अवजारातून नवं काही मिळणार नव्हतं. आतली सी भाषेची मूळ लायब्ररी जीलिबसी २.१७, कंपायलर जीसीसी ४.८.५. केंद्र सांभाळणाऱ्या काकांनी मला आधीच सांगून टाकलं, "हे बघा, नवा सर्व्हर येईपर्यंत सिस्टिममध्ये काही बदलायचं नाही. यावर अजून चार जणांची कामं चाललीयेत." ते बरोबरच बोलत होते. दुसऱ्यांची कामं चालू असलेल्या मशीनवर रूट पासवर्ड, म्हणजे सगळे अधिकार देणारा पासवर्ड, मागणं मला कधीच पटलेलं नाही.

म्हणून पीकेजीएसआरसी. नेटबीएसडी प्रकल्पाची ही पॅकेज व्यवस्था १९९७ साली फ्रीबीएसडीच्या पोर्ट्स या तशाच व्यवस्थेवरून सुरू झाली. पण ती नेटबीएसडीपुरती राहिली नाही. लिनक्स, मॅकओएस, इलुमॉस अशा कितीतरी युनिक्सवंशी सिस्टिमवर चालते. प्रत्येक पॅकेजची एक लहानशी डिरेक्टरी असते. तिच्यात मेकफाइल, लागलीच तर ठिगळं (सोर्समधल्या लहान दुरुस्त्या), कोणत्या फाइली बसणार त्यांची यादी आणि मूळ सोर्सच्या चेकसम, म्हणजे फाईल जशीच्या तशी आहे का हे ताडायचे आकडे. दर तीन महिन्यांनी एक स्थिर शाखा निघते. आम्ही २०२४ ची दुसरी तिमाही धरली आणि मॅक, सर्व्हर आणि विद्यार्थ्याचा लॅपटॉप अशा तिन्ही मशीनवर तीच ठेवली. कंटेनरचा विचार केला होता, पण त्याचं इंजिन बसवायला काकांची परवानगी लागली असती. निक्स या दुसऱ्या पॅकेज व्यवस्थेला फाइल सिस्टिमच्या मुळाशी स्वतःची डिरेक्टरी लागते, ती नसेल तर यूजर नेमस्पेस ही कर्नलची सोय लागते, आणि सेंटओएस ७ वर ती मुळातच बंद असते.

काकांनी शनिवार दिला, कारण त्या दिवशी सर्व्हरवर गर्दी कमी. सकाळी विद्यार्थी पोहे घेऊन आला आणि आम्ही प्रिफिक्सवर, म्हणजे सगळं कुठल्या डिरेक्टरीखाली बसवायचं यावर, बोलत बसलो. सगळ्यात जास्त विचार इथेच करावा लागतो. पीकेजीएसआरसी उभं करणाऱ्या बूटस्ट्रॅप स्क्रिप्टला 'अनप्रिव्हिलेज्ड' हा पर्याय दिला की सगळं तुमच्या होम डिरेक्टरीत, तुमच्याच नावावर बसतं. पण हा प्रिफिक्स पुढे प्रत्येक बायनरीत कोरला जातो. लायब्ररी कुठे शोधायची हे तिच्या आतच लिहिलेलं असतं. उद्या डिरेक्टरी हलवली तर सगळं नव्याने बांधावं लागेल. विद्यार्थ्याच्या होममध्ये ठेवलं असतं तर तो पास होऊन गेला की गट अडकला. म्हणून गटाच्या सामायिक जागेत एक डिरेक्टरी ठरवली. पाहुणा जसा आपलं सामान आपल्याच ट्रंकेत ठेवतो तसं. सर्व्हरच्या बाकी कुठल्याही भागाला हात लागणार नव्हता.

बूटस्ट्रॅपला फक्त सी कंपायलर आणि शेल लागतं. तो आधी मेकफाइली चालवणारा स्वतःचा बीमेक बांधतो, मग पॅकेजची अवजारं, आणि शेवटी एमके डॉट कॉन्फ ही सेटिंगची फाईल लिहून देतो. हे चटकन झालं. एमके डॉट कॉन्फमध्ये मी दोन ओळी घातल्या: एकाच वेळी मोजकीच कामं चालव, म्हणजे बाकीच्यांचा सर्व्हर अडणार नाही, आणि कंपायलर जीसीसी १२ घे. ओळीत उभ्या पॅकेजांपैकी काहींना सी++१७ हवं होतं आणि ४.८.५ ला सी++११ च्या पुढचं फारसं कळत नाही. जीसीसी ११ पासून पुढचा कंपायलर बांधायलासुद्धा सी++११ जाणणारा कंपायलर लागतो, म्हणजे किमान ४.८. आम्ही उंबरठ्यावरच होतो. आणखी एक पिढी जुना असता तर मधल्या एका कंपायलरची पायरी चढावी लागली असती.

सर्व्हरला बाहेरचं इंटरनेट नव्हतं. विद्यार्थ्याच्या उबुंटू लॅपटॉपवर आधीच पीकेजीएसआरसी बसवलं होतं, तिथे सोर्सचे टारबॉल (गठ्ठा केलेल्या फाइली) उतरवून सर्व्हरवर पाठवले. एका टारबॉलवर बांधणी थांबली, चेकसम जुळेना. वाटेत नेट तुटलं होतं आणि फाईल अर्धवट उतरली होती. डिस्टइन्फो या फाइलीत प्रत्येक टारबॉलचा ब्लेक२एस आणि एसएचए५१२ असा दोन प्रकारचा चेकसम लिहिलेला असतो, तो तंतोतंत जुळल्याशिवाय पुढचं पाऊल पडत नाही. ही शिस्त मला मनापासून आवडते. फाईल पुन्हा आणली, पुढे गेलो. मग जीसीसी दुपार उलटेपर्यंत चालू राहिला.

संध्याकाळी जीडॅल बांधून झालं आणि विद्यार्थ्याच्या प्रोग्रॅमची पाळी आली. तो नुसता कंपाइल करता आला असता. पण मी त्यालाच त्याचं छोटं पॅकेज करायला लावलं: मेकफाइल, आणि तिच्यात जीडॅल लागतं हे सांगणारी बिल्डलिंकची ओळ. बांधायला घेतलं आणि अडलं. शेपलिब या नकाशाच्या फाइली वाचणाऱ्या लायब्ररीची हेडर फाईल सापडत नाही म्हणे. "ताई, पण ती आहे की सर्व्हरवर! इतके दिवस याच मशीनवर कंपाइल होतंय."

होती खरी. कुणीतरी फार पूर्वी ऑप्ट डिरेक्टरीखाली जीआयएस नावाच्या डिरेक्टरीत जुनं जीडॅल, शेपलिब आणि बरंच काही ठेवलेलं होतं, आणि विद्यार्थ्याला मिळालेल्या जुन्या मेकफाइलमध्ये तो रस्ता लिहिलेला होता. पीकेजीएसआरसी कंपायलरच्या पुढे स्वतःचा एक रॅपर उभा करतं. पॅकेजने जे मागितल्याचं लिहिलंय तेवढ्याचेच रस्ते तो आत सोडतो, बाकीचे गाळून टाकतो. त्यामुळे ऑप्टखालचं काही दिसेना. आम्ही जुन्या बायनरीवर एलडीडी, म्हणजे ती कुठल्या लायब्ररी कुठून उचलते हे दाखवणारी आज्ञा, चालवून बघितलं. जीडॅल, प्रोज, शेपलिब, सगळं त्याच डिरेक्टरीतून. ती कुणी ठेवली, कुठल्या आवृत्तीची, तिच्यावर कुणी ठिगळं मारली होती का, याची कुठेच नोंद नव्हती. इतके महिने गटाचे नकाशे तिच्या भरवशावर निघत होते.

विद्यार्थी बराच वेळ त्या यादीकडे बघत बसला. मग त्याने आपल्या मेकफाइलमध्ये शेपलिबची ओळ घातली, प्रोग्रॅममध्ये क्रमाची ती एक ओळ घातली आणि पुन्हा बांधलं. या खेपेला एलडीडीत ऑप्टचं नाव कुठेच नव्हतं.

रविवारी मॅक आणि लॅपटॉपवरही त्याच शाखेतून तेच पॅकेज बांधलं. मॅकवर आधी ॲपलची कमांड लाइनची अवजारं लागतात, बाकी रीत तीच. तिन्हींवर सगळ्या नोंदी ईपीएसजी ३२६४३ मध्ये, म्हणजे यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीच्या ४३ उत्तर पट्ट्यात बदलल्या आणि निकाल शेजारी शेजारी लावले. मॅकचा प्रोसेसर एआरएमचा असल्याने अगदी शेवटच्या काही दशांशांत फरक होता. मिलिमीटरच्याही खालचा, शेतातल्या कामाला नगण्य. सर्व्हरच्या जुन्या निकालांशीही ताडून बघितलं. तेही जुळले. सरांचे आधीचे नकाशे बरोबरच होते आणि आता ते बरोबर का होते हेही सांगता येत होतं.

सोमवारी काकांनी विचारलं, "उद्या हे काढायचं झालं तर?" मी म्हटलं, ती एक डिरेक्टरी पुसायची, बस. त्यांनी स्वतः फाइंड ही फाइली शोधायची आज्ञा चालवून शनिवारपासून सिस्टिमच्या डिरेक्टऱ्यांत काही बदललंय का ते तपासलं. काहीच बदललं नव्हतं. मग त्यांनी त्यांच्या वहीत प्रिफिक्सचा रस्ता आणि शाखेचं नाव लिहून घेतलं आणि ऑप्टखालची ती डिरेक्टरी अजून कोण कोण वापरतंय याची चौकशी सुरू केली. आणखी एक गट निघाला. त्यांचा प्रोग्रॅम फोरट्रानमध्ये होता, त्याची मेकफाइल लिहायला विद्यार्थ्याने आणि मी त्याच आठवड्यात बसायचं ठरवलं.