भुतांचा कप्पा: नवी मांडणी

मंडळी, लोकसमजुतींच्या शब्दसंग्रहातला भुताखेतांचा कप्पा एकदाचा मार्गी लागलाय. आधी नोंदी ठिकाणावरून लावल्या होत्या: पिंपळावरचे, पाणवठ्यावरचे, वेशीवरचे. त्यात एकच भूत तीन ठिकाणी निघायचं. आता मरताना माणसाचं काय राहून गेलं होतं, त्यावरून लावतोय, आणि नावं भराभर जागेवर बसतायत.

मुंजाच घ्या. मुंज झालेला, पण सोडमुंज, म्हणजे ब्रह्मचर्य संपवण्याचा विधी, व्हायच्या आत गेलेला ब्राह्मणाचा मुलगा. बटू झाला, संसारी व्हायचा राहिला, म्हणून पिंपळावर अडकला. घरात पाय न टिकणाऱ्या पोराला आपण 'बारा पिंपळावरचा मुंजा' म्हणतो, त्यात ही अर्धवट राहिलेली अवस्थाच आहे. अलवंतीण बाळंतपणात गेलेली. समंध निपुत्रिक, नाहीतर पुरलेल्या धनात जीव गुंतलेला. कोकणातल्या जुन्या नोंदींत जखीण म्हणजे नवरा हयात असताना गेलेली सवाष्ण आणि लावसट म्हणजे विधवेचं भूत. मेल्यावरसुद्धा बाईच्या कुंकवाची चौकशी सुटत नाही!

खवीस आला आणि दुसरा रकाना आखावा लागला. तो मुसलमानाचं भूत म्हणून नोंदलेला आहे. म्हणजे इथे राहून गेलेलं काही नाही, नुसता धर्म पाहिलाय. मुंजाच्या नोंदीतही 'ब्राह्मणाचा' हा शब्द वगळून चालत नाही. गावात जशी आळी वेगळी, तशीच भुतांतही. टीव्हीवरच्या मालिकांत मात्र सगळ्यांना एकच पांढरी साडी आणि मोकळे केस. तिथे हडळ आणि अलवंतीण ओळखून दाखवा!

या नोंदींसाठी मुख्य आधार दोन. एक मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८५७ ची दुसरी आवृत्ती. तो ऑनलाइन फुकट चाळता येतो. दुसरं म्हणजे एन्थोव्हेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने संपादित केलेलं कोकणच्या लोकसमजुतींचं १९१५ चं पुस्तक. त्याची मूळ टिपणं ए. एम. टी. जॅक्सनची. हा तोच नाशिकचा कलेक्टर, ज्याला २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी गोळ्या घातल्या. जॅक्सनने प्रश्नावली काढली होती आणि तिची उत्तरं बरीचशी गावोगावच्या शाळामास्तरांनी लिहून पाठवली. तळटिपांत बहुतेक ठिकाणी मास्तरांचं नाव नाही, नुसतं 'शाळामास्तर' आणि पुढे गाव. म्हणून प्रत्येक नोंदीसमोर मी आता ते गाव लिहायला लागलोय. एका गावची लावसट दुसऱ्या गावात त्याच अर्थाने असेलच असं नाही.

नव्या मांडणीत न बसलेले दोघे उरलेत. चकव्याला ना जात, ना मरण. रात्री रानवाटेने चाललेला माणूस फिरून फिरून त्याच जागी येतो, तो चकवा. कुणाचा आत्मा वगैरे भानगड नाही. त्याला तूर्तास 'घटना' असा वेगळा कागद दिलाय.

दुसरा वेताळ. भुतांचा राजा म्हणावं, तर वेंगुर्ल्याजवळ आरवलीत तोच वेतोबा होऊन देवळात उभा आहे. लोक त्याला चामड्याच्या भल्यामोठ्या चपला आणि केळ्यांचे घड वाहतात. देव रात्री गावात फेरी मारतो, म्हणून चपला झिजतात, असं सांगतात. गोव्यात तर बेताळभाटी हे अख्खं गाव त्याच्या नावाचं. अशा राखणदाराला भुतांच्या यादीत कोंबणं बरं दिसत नाही. देवचाराचंही गोव्यात तेच: काही ठिकाणी भूत, काही ठिकाणी गावाची राखण करणारा. दोघांना आता 'राखणदार' या कप्प्यात हलवतोय, पण भुतांच्या कप्प्यात त्यांच्या नावाची एक चिठ्ठी राहील.

पुढचं काम बाधेच्या शब्दांचं: लागीर, झपाटणं, बाहेरचं, उतारा, अंगारा. देशावरच्या आणि खानदेशातल्या मंडळींनी आपल्याकडचे शब्द कळवावेत. शब्दासोबत गाव आणि सांगणारं माणूस बाई की पुरुष, एवढं लिहा, नाव नको. लावसट घाटावर कुणी ऐकली असेल तर ती नोंद आधी हवी.