दोन निळे पासपोर्ट

शनिवार, 19 जुलै 2025
नौपाडा, ठाणे

रात्रीचे साडेअकरा. मैत्रीण झोपली, तिचा नवरा अजून बाल्कनीत पाऊस बघत बसलाय. चार दिवस झाले तरी त्याचं पोट भरत नाही. म्हटलं, तुमच्या इंग्लंडात काय कमी पाऊस पडतो? तर म्हणे, तिकडे पडत नाही, नुसता गळतो.

दुबईत मला सोळा वर्षं झाली. त्यातली निम्मी पाहुण्यांना फिरवण्यात गेली असतील. ठाण्याहून कोणी आलं की कार्यक्रम ठरलेला. एक दिरहॅम देऊन अब्रातून, म्हणजे तिथल्या लाकडी होडीतून, खाडी ओलांडायची, पलीकडे सोन्याच्या बाजारात नुसतं बघायचं, मग बुर्ज खलिफाखाली उभं राहून 828 मीटर हा आकडा सांगायचा आणि मान अवघडेपर्यंत त्यांना वर बघू द्यायचं. बदल्यात त्यांच्या बॅगेतून भाजणी, मेतकूट, कोकम निघतं. व्यवहार तोट्याचा नाही.

या खेपेला उलटं झालं. मुलांच्या सुट्टीत मी चार आठवडे आईकडे आलेय आणि पाहुणे इथेच आलेत. यजमानीण मी. पण काल चहा टाकताना साखरेचा डबा कुठाय हे आईला विचारावं लागलं, आणि आईने ज्या नजरेने फडताळाकडे बोट केलं ती नजर दिवसभर डोळ्यांसमोर होती.

मैत्रीण कॉलेजपासूनची. डोंबिवलीची. लोकलच्या दारात लटकून ठाण्याला कॉलेजला यायची आणि पहिल्या तासाला झोपायची. लग्न होऊन इंग्लंडला गेली, पुढे तिकडचं नागरिकत्व घेतलं. आपल्याकडे दोन नागरिकत्वं ठेवता येत नाहीत, त्यामुळे भारतीय पासपोर्ट परत करावा लागला. त्या दिवशी फोनवर रडली होती. तासाभराने पुन्हा फोन, आता पार्किंग मिळत नाही म्हणून चिडलेली. डोंबिवलीचं घर विकून बरीच वर्षं झाली, म्हणून उतरते आमच्याकडे.

नवरा रेल्वेवेडा. पहिल्याच दिवशी ठाणे स्टेशनवर मला ऐकवलं, 16 एप्रिल 1853, बोरीबंदर ते ठाणे, इंजिनांची नावं साहिब, सिंध आणि सुलतान. मी जन्मापासूनची ठाणेकर. तारीख शाळेत पाठ केलेली, इंजिनांना नावं होती हे तेव्हा कळलं. त्याला मात्र गर्दीत डब्यात शिरता येत नाही. तीन गाड्या सोडल्या आम्ही.

जेवणाचं मोठं राजकारण चाललंय. आखाड आहे, येत्या शुक्रवारपासून श्रावण, म्हणजे मासे खायचे ते आत्ताच. आणि नेमकी 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद. आईने बर्फातलं पापलेट घरात आणू दिलं नाही, सोड्याची वांगी केली, जवळा केला. इंग्लिश जावयाने बोटं चाटली. आज आईचा शनिवार, म्हणून करटोली. ती येऊरच्या डोंगरावरून येताना रस्त्यावर बसलेल्या बायकांकडून मीच घेतली.

तर येऊर. खरं लिहायचं आहे ते हे.

तिथल्या एका पाड्यावर एक छोटी संस्था मुलांचा अभ्यासवर्ग चालवते. नाव लिहीत नाही, तिथल्या खजिनदारकाकांना आवडणार नाही. सातेक वर्षं मी महिन्याला थोडे पैसे पाठवते. तेवढ्याने काय होतं हे मला माहीत आहे. वह्या येतात आणि एका ताईचं निम्मं मानधन निघतं. मैत्रिणीला बघायचं होतं म्हणून दुपारी तिघं टीएमटीने वर गेलो. वारली मुलं, बत्तीस जण, पत्र्याचं छप्पर. पाऊस असा कोसळत होता की ताईंनी बोलणं सोडून दिलं आणि सगळं फळ्यावर लिहायला घेतलं. जावईबापूंनी खडू मागून घेतला आणि वाफेचं इंजिन काढलं. धूर काढला तो पुढच्या बाजूला. दुसरी-तिसरीतला एक पोरगा उठला, तळहाताने धूर पुसला आणि मागच्या बाजूला काढून जागेवर जाऊन बसला. काहीही न बोलता.

मग पैशांचा विषय निघाला. मैत्रिणीने पाकीट काढलं, पंचवीस हजार. खजिनदारकाका बँकेतून निवृत्त झालेले. कार्बन घातलेलं पावतीपुस्तक उघडलं, पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाले, "पासपोर्ट आहे का जवळ? परदेशात राहणाऱ्यांचा बघून ठेवतो."

दोघींनी टेबलावर ठेवले. दोन्ही निळे! ब्रिटिश पासपोर्ट पूर्वी मरून असायचा, 2020 पासून निळा झाला. काकांनी चष्मा वर सारून दोन्ही उघडले, माझा परत दिला आणि पेनाला टोपण लावलं.

"ताई, तुमचे पैसे मला घेता येणार नाहीत."

"काका, रुपयेच आहेत. आत्ता ठाण्यातल्या एटीएममधून काढलेत."

"रुपये असोत नाहीतर पौंड. देणारा कोण ते बघतात."

"माझं ओसीआय कार्ड आहे, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते."

"असू दे. नागरिकत्व तिकडचं ना? मग कायद्याने तुम्ही परकीय स्रोत."

शब्द हाच वापरला. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवरचा कायदा, 2010 चा. भारतीय पासपोर्टवाला जगात कुठेही राहो, स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले त्याचे पैसे देशीच. नागरिकत्व बदललं की परकीय, मग जन्म डोंबिवलीचा का असेना. असे पैसे नियमितपणे घ्यायचे तर संस्थेची वेगळी नोंदणी हवी. त्यासाठी तीन वर्षांत पंधरा लाख खर्च झालेला दाखवावा लागतो. यांचा वर्षाचा खर्च तीन लाखांच्या आसपास. शिवाय 2020 च्या दुरुस्तीनंतर बाहेरचा पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच जमा व्हावा लागतो. पाडा येऊरचा, खातं संसद मार्गावर.

मी आपलं शहाणपण केलं. म्हटलं, काका, एवढंच ना? मी देते माझ्या खात्यातून, आमचं आम्ही बघून घेऊ.

काकांनी चष्मा काढून पुसला. "तुमच्या नावाची पावती फाडू आणि पैसे यांचे? मग ती पावती खरी की खोटी?" आवाज चढला नाही. मी पावतीपुस्तकाकडे बघत बसले. मग माझे दहा हजार बँकेतून वळते केले आणि माझ्या नावाची पावती घेतली. ज्या संस्थांची नोंदणी आहे अशा दोन मोठ्या संस्था काकांनी सुचवल्या, पण मैत्रिणीने मान हलवली. तिला या बत्तीस जणांना द्यायचे होते.

उतरताना बसमध्ये ती उपवन येईपर्यंत गप्प. नंतर एवढंच म्हणाली, "माझा धूर पुढच्या बाजूला निघाला गं."

मला कायद्याचा राग येतोय असं ठामपणे म्हणता येत नाही. बाहेरच्या पैशावर कोणीतरी नजर ठेवायला हवी, हे मला पटतं. दुबईत तर याहून कडक. एकदा दिवाळीच्या जेवणाला मी भोळेपणाने "येऊरच्या मुलांसाठी" अशी चिठ्ठी लावून डबा ठेवला होता. एका जुन्या जाणत्या काकूंनी मला बाजूला घेतलं आणि डबा स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. परवानगीशिवाय वर्गणी गोळा करणं तिथे गुन्हा आहे, 2021 चा संघीय कायदाच आहे तसा. तेव्हा मी त्या देशावर चिडले होते. आज चिडायला देशही आपलाच. पंचवीस हजारांच्या वह्यांना आणि पंचवीस कोटींच्या देणगीला चाळणी एकच असावी का, हे मात्र मला अजून पटलेलं नाही.

रात्री करटोली चिरताना आईने विचारलं, "तिने किती दिले?"

"तिचे घेतले नाहीत. परदेशी ठरली."

"आणि तुझे?"

"माझे चालतात. मी भारतीय."

आईने फोडणीत हिंग घातला. "बरं. मग साखरेचा डबा कुठाय सांग."

मी फडताळाकडे बोट केलं. आज दुपारी तिने तो ओट्याखाली हलवला होता.