आमची वाटचाल : ग्रामपंचायतीपासून वाडीपर्यंत

मंडणगड आणि दापोली तालुक्यांत आमचा मूळ व्यवसाय केबल टीव्हीचा. २०१७ च्या सुमारास ग्रामीण भागातही सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला, त्याच काळात मोबाइलचा डेटा स्वस्त झाला, आणि नुसत्या वाहिन्या दाखवून यापुढे निभावणार नाही हे उघड झाले. खांबांवरची वाट, घरोघरची ओळख आणि दरमहा वसुलीची घडी आमच्याकडे होतीच. म्हणून आधी एका मोठ्या कंपनीचे फ्रँचायझी होऊन आणि नंतर स्वतःचा ‘क’ वर्गाचा, म्हणजे साधारण एका जिल्ह्याएवढ्या भागात इंटरनेट पुरवण्याचा, परवाना घेऊन आम्ही ब्रॉडबँडमध्ये उतरलो.

२०११ साली मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट या नावाने चाललेल्या योजनेचे उद्दिष्ट सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याचे होते. ते रास्तच होते. पण कोकणातले गाव ग्रामपंचायतीच्या कार्यालयाभोवती वसलेले नसते, ते वाड्यावाड्यांनी डोंगरउतारावर विखुरलेले असते. मध्ये पऱ्ह्या (ओढा), रायवळ आंब्याची झाडे आणि जांभ्याचा कातळ. तो फोडून चर खणणे आमच्यासारख्याला परवडत नाही, त्यामुळे तार खांबांवरूनच न्यावी लागते. किलोमीटरभर तार ओढल्यावर दहा-बारा घरे लागतात आणि त्यांतली निम्मी शिमगा, मे महिना आणि गणपती एवढ्यापुरतीच उघडतात. शहरातला मासिक दर इथे लावला तर हिशेब कधीच जुळत नाही. अशा घरांसाठी आम्ही वर्षाची एकच रक्कम घेऊन हंगामापुरती जोडणी सुरू ठेवण्याची योजना काढली, आणि माझ्या मते वाड्यांमधले आमचे जाळे टिकले ते तंत्रज्ञानापेक्षा या योजनेमुळे.

तांत्रिक अडचणही अंतराचीच आहे. फायबरमधला प्रकाश स्प्लिटरने दोन वाटांना विभागला की प्रत्येक वाटेला निम्माच येतो, म्हणजे सुमारे तीन डेसिबलची घट होते. शहरातल्या इमारतीत एकाच जागी बत्तीस वाटा करता येतात. आम्ही मात्र पहिल्या वाडीत चार आणि तिथून पुढच्या वाड्यांत आठ-आठ अशा दोन टप्प्यांत विभागणी करतो. शेवटच्या घरी उणे सत्तावीस डीबीएमपेक्षा (डीबीएम हे प्रकाशाची ताकद मोजायचे एकक) क्षीण प्रकाश पोहोचला तर घरातल्या यंत्राला तो वाचता येत नाही, म्हणून प्रत्येक जोडणीनंतर पॉवर मीटर लावून आकडा वहीत टिपण्याचा आमचा नियम आहे. तक्रारीचा फोन आला की ग्राहक एवढेच सांगतो, “लाल लाइट लागलाय.” त्याचा अर्थ प्रकाश तुटला. कारण बहुतेक वेळा पडलेली फांदी, वणवा किंवा रस्त्याच्या कामावरचा जेसीबी असतो, आणि पुष्कळदा वानर. त्यांना तार का चघळावीशी वाटते, याचे उत्तर कुठल्याच माहितीपत्रकात नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि लगतच्या मंडणगड-दापोलीत खांब, छपरे, बागा आडव्या झाल्या. टाळेबंदीमुळे मुंबईहून परतलेले चाकरमानी तेव्हा गावातूनच नोकरी करत होते, मुलांच्या शाळाही पडद्यावर सुरू होणार होत्या. वीज यायला कित्येक गावांत आठवडे लागले. आमची तार एकाच रांगेतली असल्याने एका जागी तुटली की पुढच्या सगळ्या वाड्यांचे इंटरनेट बंद पडे. तेव्हापासून मुख्य मार्ग दोन्ही बाजूंनी जोडून वर्तुळ पूर्ण करण्यावर आणि प्रत्येक जंक्शनवर बॅटरी बसवण्यावर आमचा सर्वाधिक खर्च झाला आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेटमध्येही अशीच वर्तुळाकार रचना आणि घरापर्यंतच्या जोडणीसाठी स्थानिक उद्योजक धरलेले आहेत, हे वाचून बरे वाटले. एवढेच की, देखभालीचा मोबदला वेळेवर मिळाला पाहिजे.

जिथे दरी आडवी येते तिथे तार नेण्याचा हट्ट आम्ही धरत नाही. २०१८ साली पाच गिगाहर्ट्झच्या आसपासच्या रेडिओ लहरींचा मोठा पट्टा परवान्याविना खुला झाल्यापासून अशा ठिकाणी समोरासमोर दोन अँटेना बसवून काम भागते. फक्त मधल्या झाडांची वाढ पाहून खांबाची उंची आधीच जास्त धरावी लागते. सध्या खाडीकाठच्या दोन वाड्यांसाठी अशी जोडणी सुरू असून पावसाळ्याआधी ती पूर्ण करायची आहे.