फिल्टरच्या पलीकडचा सांधा

३.१ ते १०.६ गिगाहर्ट्झचा डिफरन्शियल बँडपास फिल्टर, म्हणजे दोन वाटांवरून परस्परविरुद्ध चालणारा संकेत तेवढ्याच पट्ट्यात पुढे सोडणारा फिल्टर, मोजून झाला, तेव्हा सहकाऱ्यांच्या लेखी काम संपले होते. मायक्रोस्ट्रिपवरून (बोर्डावरच्या तांब्याच्या पट्टीवरून) ग्राउंडमधल्या स्लॉटलाइनवर (तांब्यातल्या चिरेवर) उतरणारी ही रचना कॉमन मोडला, म्हणजे दोन्ही वाटांवर सारख्याच येणाऱ्या नको असलेल्या संकेताला, मुळात पुढे जाऊच देत नाही, त्यामुळे त्याला अडवायला वेगळे स्टब (पट्टीचे आखूड फाटे) लागत नाहीत आणि बोर्ड लहान राहतो. पासबँड सपाट होता, कॉमन मोडचे दमनही सिम्युलेशनच्या जवळ होते.

मी मात्र मोड-रूपांतराचा, म्हणजे डिफरन्शियल संकेतातला किती भाग कॉमन मोड होतो याचा, आलेख उघडला. अनेक शोधनिबंध तो छापतच नाहीत, कारण पूर्ण सममित चित्राच्या सिम्युलेशनमध्ये रूपांतर शून्य येते आणि तेवढ्यावर सगळ्यांचे समाधान होते. आमच्या बोर्डावर ते १० गिगाहर्ट्झला उणे २९ डीबी होते आणि वारंवारता निम्मी केली की सुमारे ६ डीबीने उतरत होते. याचा अर्थ दोन वाटांपैकी एक किंचित लांब होती. हिशेब केला तर १० गिगाहर्ट्झला कलेत (फेजमध्ये) जेमतेम ४ अंशांचा फरक, म्हणजे सब्स्ट्रेटवर (बोर्डाच्या पायाभूत थरावर) सुमारे ०.२ मिलिमीटर!

पहिला संशय अर्थातच केबलींवर आला. दोन्ही टोकांना धन-ऋण जोडण्या अदलून पाहिल्या, तेव्हा परिमाण तेच राहिले आणि कला १८० अंशांनी उलटली. खोट केबलींत असती, तर अदलाबदलीने कला उलटली नसती. म्हणून केबली निर्दोष सुटल्या, दोष बोर्डाचाच ठरला. दोष कोणत्या टोकाला आहे, हे फिल्टरनेच सांगितले. इनपुटला उपजलेला कॉमन मोड फिल्टरमध्येच मरतो, आउटपुटला उपजलेला मात्र सुखरूप बाहेर पडतो. डिफरन्शियल देऊन कॉमन भरपूर मिळत होता, कॉमन देऊन डिफरन्शियल जवळपास काहीच मिळत नव्हता. तेव्हा खोट आउटपुटलाच असणार. सूक्ष्मदर्शकाखाली तिथला एक कनेक्टर बोर्डाच्या कडेला टेकलेला नव्हता आणि त्या फटीत पिन उघडी होती. सोल्डर काढून तो नीट बसवल्यावर आलेख खाली आला.

‘हा फिल्टरचा दोष नव्हेच,’ असा निकाल वरिष्ठांनी दिला. तो बरोबर आहे, पण सोयीचाही आहे. प्रत्यक्ष उपकरणात फिल्टर आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्यामध्ये कुठला ना कुठला सांधा येणारच, आणि तिथे निर्माण होणाऱ्या कॉमन मोडला अडवायला पुढे कोणीच नाही. म्हणून फिल्टर अ‍ॅम्प्लिफायरच्या पायांना अगदी खेटून बसवावा, असा आग्रह मी धरला आहे. लेआउटवाल्यांना मात्र तीच जागा कपॅसिटरसाठी हवी आहे.