मणक्याचे दुखणे आणि पोटातला पंप : माझा अनुभव

कमरेच्या मणक्याची गादी सरकल्यामुळे २०१६ साली आणि पुन्हा २०१८ साली माझ्यावर शस्त्रक्रिया झाल्या. पायातली ताकद परत आली. डाव्या नितंबापासून घोट्यापर्यंत उतरणारी कळ मात्र गेली नाही. नेरूळच्या शाळेत फळ्यासमोर उभे राहून गणित शिकवणे अशक्य झाले, तेव्हा मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. एका रुग्णालयात एमआरआय पाहून ‘आता दुखण्याचे काही कारण दिसत नाही, मन रमवा’ असे सांगण्यात आले. त्या वाक्याने मी कितीतरी रात्री जागून काढल्या.

मुंबईतल्या एका पेन क्लिनिकमध्ये, म्हणजे जुनाट वेदनांवर उपचार करणाऱ्या दवाखान्यात, पहिल्याच दिवशी भूलतज्ज्ञ डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि मानसोपचारतज्ज्ञ असे तिघे मला एकत्र भेटले. मानसोपचारतज्ज्ञ बाईंसमोर मी अंग चोरूनच बसले होते. त्यांनी समजावले, की वेदना महिनोन्‌महिने टिकली की मज्जासंस्थाच अतिसंवेदनशील होते, म्हणजे दुखणे खरेच असते. आणि मग विचारले, ‘तुम्हाला काय करता यायला हवे आहे?’ मी म्हणाले, ओट्याशी उभे राहून घरातल्या चौघांच्या भाकऱ्या. केसपेपरवर त्यांनी तेच लिहिले : भाकऱ्या, २५ मिनिटे.

गोळ्या, नसांभोवतीची इंजेक्शने आणि व्यायाम यांत वर्ष गेले. तोंडावाटे मॉर्फिन, म्हणजे अफूपासून बनणारे तीव्र वेदनाशामक, दिवसाला ६० मिलिग्रॅमपर्यंत पोहोचले, तेव्हा दुखणे थोडे आणि गुंगी व बद्धकोष्ठ जास्त अशी अवस्था झाली. तेव्हा डॉक्टरांनी पोटात बसवायच्या, औषध सोडणाऱ्या पंपाचा विषय काढला. मॉर्फिनचा परिणाम ज्या पेशींवर व्हायचा, त्यांतल्या बऱ्याच मज्जारज्जूच्या मागच्या भागात असतात. मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यातच औषध सोडले, तर तोंडावाटे लागणाऱ्या ३०० मिलिग्रॅमचे काम साधारण १ मिलिग्रॅममध्ये होते, असा ढोबळ हिशेब त्यांनी मांडला. गणिताच्या शिक्षिकेला तो लगेच पटला, भीती मात्र कमी झाली नाही.

आधी चाचणी झाली. पाठीतून त्या पाण्यात मॉर्फिनचे एकच इंजेक्शन दिले आणि उशिरा श्वास मंदावण्याचा धोका असल्यामुळे २४ तास देखरेखीखाली ठेवले. सिस्टर रात्रभर दर तासाला माझे श्वास मोजत होत्या. नाकाला फार खाज सुटली. पण दहापैकी आठवर असलेली वेदना तीनवर आली. फिजिओथेरपिस्ट मुलगी म्हणाली, ‘काकू, आकडा राहू दे, उभ्या राहा.’ खिडकीच्या कट्ट्याशी मी २२ मिनिटे उभी राहिले, आणि त्यावरच पंपाचा निर्णय झाला.

विमा कंपनीने दोनदा नकार दिला. तिसऱ्यांदा डॉक्टरांच्या सविस्तर पत्रानंतर खर्चाचा काही भाग मंजूर झाला. उरलेला भविष्य निर्वाह निधीतून गेला.

शस्त्रक्रियेआधी सिस्टरने मला उभे करून आणि बसवून, परकराची नाडी कुठे येते ते पाहून पोटावर पेनाने खूण केली. पंप त्या रेषेवर आला असता, तर साडी नेसताना रोज रुतला असता. ही दोन मिनिटांची दक्षता मला आजही रोज आठवते. पंप म्हणजे तळहाताएवढी, सुमारे दोन सेंटीमीटर जाडीची गोल चकती. तिच्यापासून कातडीखालून गेलेली बारीक नळी पाठीच्या कण्यात पोहोचते. शस्त्रक्रियेनंतर मज्जारज्जूभोवतीच्या पाण्याची किंचित गळती झाल्याने पाच दिवस उठून बसले की डोके फुटायचे. मग ते थांबले आणि मॉर्फिनच्या गोळ्या डॉक्टरांनी हळूहळू बंद केल्या.

डोस जुळवण्यात तीन महिने गेले. पंपाने ठणका खाली आणला. उभे कसे राहायचे, कुठे थांबायचे, हे बाकीच्या दोघींनी शिकवले. जानेवारीत बरे वाटतेय म्हणून एकाच दुपारी संक्रांतीचे सगळे तिळाचे लाडू वळले आणि तीन दिवस अंथरुणात काढले. त्यानंतर ओट्यावर घड्याळ ठेवले : दुखो वा न दुखो, दहा मिनिटांनी बसायचेच. दुखण्याआधी थांबणे मला पंपापेक्षा अवघड गेले.

दर तीन महिन्यांनी पंप भरून घ्यावा लागतो. डॉक्टर पोटावर साचा ठेवून मधोमध सुई घालतात, उरलेले औषध आधी काढून मोजतात आणि यंत्राने सांगितलेल्या आकड्याशी ताडून पाहतात. मागच्या वेळी अपेक्षित २.४ मिलिलिटर होते, निघाले २.५. हे आकडे जुळेपर्यंत माझा श्वास अडकलेला असतो. मॉर्फिन मान्यता असलेल्या संस्थेतच मिळते, म्हणून हे काम शेजारच्या दवाखान्यात होत नाही. औषध एकाएकी संपणेही बरे नसते, त्यामुळे तारीख आठवडाभर आधीचीच देतात. गेल्या जुलैत हार्बर लाइन बंद पडली, तेव्हा आम्ही दोन दिवस थांबू शकलो ते त्यामुळेच.

वेदना आता बहुतेक दिवस चारवर असते. संध्याकाळी आम्ही नेरूळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबई या बागेतल्या तळ्याकाठी मधल्या बाकापर्यंत जातो, तिथे मी बसते. काही वर्षांनी बॅटरी संपली की पंप बदलण्याची शस्त्रक्रिया करावी लागेल, हे डॉक्टरांनी पहिल्याच वर्षी सांगून ठेवले आहे. भाकऱ्या पाच होतात, मध्ये एकदा बसून.