दसऱ्याचं धुणं

भाद्रपद उतरायला लागला की आपल्याकडं दुपारी तीनच्या सुमाराला जिन्यावर पायांची धावपळ ऐकू येते. आभाळ आलेलं असतं. गच्चीवरचं धुणं निम्मं वाळलेलं, निम्मं ओलं, तसंच कवेत घेऊन सगळी बिल्डिंग खाली येते आणि मग खुर्च्यांच्या पाठी, दारं, पलंगाचे कठडे, जिथं जागा मिळेल तिथं ते पसरलं जातं. पंखा पाचवर. खोलीत आंबूस वास. अशा वेळी घरातलं कुणीतरी म्हणतंच, "यंदा ड्रायर घेऊन टाकू."

"आहे की आपल्याकडं ड्रायर," हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. सेमी-ऑटोमॅटिकच्या त्या अरुंद दुसऱ्या टबाला आपण वर्षानुवर्षं ड्रायर म्हणत आलो. तो बिचारा नुसता पिळतो. टंबल ड्रायर गरम हवेत कपडे खालीवर करत राहतो आणि त्यातल्या पाण्याची वाफ करतो. आणि वाफ महाग असते. एक लिटर पाण्याची वाफ करायची तर ०.६३ युनिट विजेइतकी उष्णता लागतेच, तिथं घासाघीस चालत नाही. सात किलोचं धुणं मिनिटाला १२०० फेऱ्यांवर पिळलं तरी साडेतीन लिटरच्या आसपास पाणी धरून बसतं. ८०० फेऱ्यांवर पिळलं तर पाचेक लिटर. म्हणून ड्रायरच्या दुकानात जाण्याआधी घरचं वॉशिंग मशीन किती फेऱ्यांचं आहे ते बघावं. निम्मं बिल तिथंच ठरतं.

ऊन मात्र फुकट. भर दुपारी चौरस मीटरला जवळपास एक किलोवॉट. नऊवारी लुगडं सव्वाआठ मीटर लांब आणि मीटरभर पन्ह्याचं; आडवं पसरलं की आठ किलोवॉटचं यंत्र झालं. घरगुती ड्रायरचा हीटर दोन-अडीच किलोवॉटचा असतो. आज्या उगाच गच्चीवर हक्क सांगत नव्हत्या.

तरीही झड लागते, आणि फ्लॅटला गच्ची असतेच असं नाही. मग युटिलिटी नावाच्या त्या चार बाय साडेतीन फुटांच्या कोनाड्यात मापं घेणं सुरू होतं. मिस्त्री फुटात बोलतो, माहितीपत्रक मिलिमीटरमध्ये, आणि भांडण दाराच्या चौकटीत होतं. मशीन ६० सेंटिमीटर रुंद, ८५ उंच, खोली ६० ते ६५. माप चौकटीच्या आतलं घ्यायचं, दाराचं नाही. मागं नळीसाठी चार बोटं जागा सोडायची. समोर ड्रायरचं दार पूर्ण उघडलं पाहिजे, नाहीतर ओलं धुणं तिरकं होऊन आत कोंबावं लागतं. बऱ्याच मॉडेलांत दाराच्या बिजागऱ्या दुसऱ्या बाजूला बसवता येतात. हे दुकानात कुणी आपणहून सांगत नाही.

जागा वाचवायची तर वॉशिंग मशीनवर ड्रायर चढवावा. खालचं मशीन फ्रंट लोडच हवं, मध्ये त्या जोडीसाठी बनवलेला स्टॅकिंग किट हवा, आणि जड मशीन खाली. उलटं कधीच नाही. नुसता रबराचा तुकडा घालून वर ठेवलेला ड्रायर खालचं मशीन पिळायला लागलं की पुढं सरकत येतो. शिवाय युटिलिटीच्या फरशीला नाहणीकडं ढाळ दिलेला असतो, त्यामुळं खालच्या मशीनवर आडवी-उभी पाणसळ ठेवून पाय फिरवायचे आणि चेकनट आवळायचे. नट आवळला नाही तर आठवड्यात पाय पुन्हा खाली बसतो.

आता जात. व्हेंटेड स्वस्त, पण ओली हवा चार इंची नळीतून घराबाहेर जायला हवी. नळी आखूड आणि सरळ. एक काटकोनी वळण म्हणजे दीड मीटर नळी वाढली असं धरतात. भिंतीतल्या भोकाला बाहेरच्या बाजूनं किंचित उतार, तोंडाला आपोआप मिटणारी झडप. जाळी नको, महिन्याभरात कपड्यांतून सुटणाऱ्या तंतूंनी, म्हणजे लिंटनं बुजते. आणि त्याच खोलीत गॅस गीझर असेल तर व्हेंटेडचा विचार सोडा. ड्रायर खोलीतली हवा बाहेर फेकतो, बंद खोलीत ओढ तयार होते आणि गीझरचा धूर उलटा आत येऊ शकतो. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

कंडेन्सरला भोक लागत नाही, तो पाणी टाकीत साठवतो. पण खोली तापवतो, खोलीच्या दाराला झडपा नसतील तर स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढत बसतो. सात किलोला चारेक युनिट. हीट पंप तीच उष्णता फिरवून वापरतो म्हणून दीड-दोन युनिटांत भागवतो, पण वेळ घेतो, अडीच-तीन तास, आणि किंमत ऐकून माणूस पुन्हा गच्चीकडं बघतो. तो आडवा करून आणला असेल तर लगेच चालू करू नये. कुठल्या माहितीपत्रकात दोन तास थांबा म्हणतात, कुठल्यात बारा. आणखी एक गंमत त्याच पत्रकात असते: खोलीचं तापमान ५ ते ३५ अंश असावं. परभणीच्या मे महिन्यात? असो. मे महिन्यात त्याला विचारतो कोण.

वीज सरळ आहे. स्वतंत्र १६ अँपिअरचा पॉइंट, अडीच स्क्वेअरची तांब्याची वायर, अर्थिंग, आणि गळती झाली की वीज तोडणारा आरसीसीबी. एक्स्टेंशन बोर्ड नाही.

टाकीत जमलेलं साडेतीन लिटर पाणी ओतून देताना हात अडखळतो. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं लातूर ज्यांनी पाहिलंय, त्यांचा तर जास्तच. फरशी पुसायला ते चालतं. पिऊ नये, आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीतही घालू नये. दिसायला स्वच्छ असलं तरी त्यात लिंट असतो.

हा लिंट म्हणजे आपला कापूसच. ड्रायरच्या आतल्या जाळीवर करड्या रंगाची मऊ चकती जमते, दर वेळी बोटानं गुंडाळून काढायची. काढली नाही की हवा अडते, वेळ वाढतो, आणि पुढं आग. आगीचंच दुसरं कारण आपल्या स्वयंपाकघरात आहे. करडईचं तेल हवेत सुकतं, म्हणून तर ते रंगांतही वापरतात. सुकताना ते तापतं. तेलाची फडकी नीट न धुता ड्रायरमध्ये वाळवून तशीच गठ्ठ्यात ठेवली तर आपोआप पेटू शकतात. मध्येच लाइट गेली तरी कपडे आत ठेवू नयेत, काढून पसरावेत.

बोअरच्या पाण्याचीही एक खोड आहे. ड्रममधल्या दोन धातूच्या पट्ट्या कपड्यातून वीज किती वाहते यावर ओल ओळखतात. पाण्यात क्षार जास्त असले की कोरडा कपडाही त्यांना ओला वाटतो आणि मशीन फिरतच राहतं. काही मॉडेलांत हे सेटिंग बदलता येतं. पट्ट्या अधूनमधून व्हिनेगरनं पुसाव्यात.

पण ज्यासाठी हे सगळं सुरू झालं, ते दसऱ्याचं धुणं. घटस्थापनेआधी दसरा काढायचा म्हणजे घरातलं झाडून सगळं अंथरूण-पांघरूण बाहेर. दुधनेच्या, सिंदफणेच्या पात्रात दोघी बायका वाकळीची, म्हणजे जुन्या लुगड्यांच्या गोधडीची, दोन टोकं धरून उलट्या दिशांना पीळ घालायच्या, मधून पाण्याची धार लागायची, आणि खडकावर पसरलेल्या वाकळीवर वाऱ्यानं उडू नये म्हणून पोरांना बसवायचे. पोरं ओली, वाकळ ओली, वर ऊन. तेवढ्यात परतीचा पाऊस.

वाकळ ड्रायरमध्ये घातली तर तिचा गोळा होतो. वरचा पदर कोरडा लागला की पट्ट्या खूश, मशीन थांबतं, आणि आतली सात लुगडी गारच. दर अर्ध्या तासाला काढून उलटी करून घालत बसलं तर जमतं म्हणे. त्यापेक्षा गच्चीवर दोन दोऱ्या बांधाव्यात, हातभर अंतरानं, म्हणजे दोन्ही पदर एकमेकांना चिकटत नाहीत. आणि तीन वाजता वर लक्ष ठेवावं.