लूव्रमध्ये निंगिशझिदाच्या भेटीला

प्राचीन इराकमधल्या सुमेरी लोकांच्या निंगिशझिदा या देवाचं पात्र पाहायला मी भाच्याला घेऊन पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात गेले, पण मंगळवारी लूव्र बंद असतं. हे मला दारात पोहोचल्यावर कळलं, म्हणून तुम्हाला आधी तेच सांगते. पण चूक पथ्यावर पडली. बुधवारी आणि शुक्रवारी ते रात्री ९ पर्यंत उघडं असतं आणि संध्याकाळी बरीच वर्दळ ओसरते.

वेळ ठरवून तिकीट आधीच ऑनलाइन काढा. पिरॅमिडखाली उतरलं की लोंढा मोनालिसाकडे जातो. आपण रिशेलिय विभागाचा रस्ता धरायचा. तळमजला, दालन २२८. शेजारीच, २२७ मध्ये, बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याचे कायदे कोरलेला शिलास्तंभ आहे. सगळे तिथेच रेंगाळतात.

"मावशी, एवढंसं?" भाचा म्हणाला. खरंच एवढंसंच. जेमतेम २३ सेंटिमीटर उंचीचं, गडद हिरवट दगडाचं अर्घ्यपात्र. लगाश या सुमेरी राज्याचा राजा गुडेआ याने इ.स.पू. २१२० च्या सुमारास आपल्या इष्टदेवाला, निंगिशझिदाला, ते वाहिलं. फ्रेंच उत्खननात गिरसूला, म्हणजे दक्षिण इराकमधल्या आजच्या तेल्लोला, ते सापडलं.

पात्रावर कोरलेले, दांड्याला वेटोळे घातलेले दोन नाग पाहून बहुतेकांना औषधाच्या दुकानावरची खूण आठवते. मला आपल्या पाराखालच्या नागशिळा आठवल्या. दोन्ही विसरा आणि नागांची तोंडं कुठे पोहोचलीत ते बघा: थेट पात्राच्या चोचीशी. अर्घ्य ओतलं की धार त्यांच्या तोंडाजवळूनच पडणार! देवाच्या नावाचा अर्थ 'चांगल्या झाडाचा स्वामी', आणि हा पाताळातलाही अधिकारी. झाडाची मुळं जमिनीखाली, नागाचं बीळही तिथंच. एका सुमेरी काव्यात तो नावेतून पाताळात निघतो, तेव्हा बहीण त्याच्यासोबत जायचा हट्ट धरते. त्या चोचीसमोर मी बराच वेळ उभी होते. नागांच्या दोन्ही बाजूंना पंखवाले सर्पराक्षस एकेक दांडा धरून उभे आहेत, दारावरच्या पहारेकऱ्यांसारखे.

फोटोत काचेचं प्रतिबिंब येतं, म्हणून गडद कपडे घाला आणि फोन काचेच्या अगदी जवळ धरा. फ्लॅश चालत नाही. माहितीफलक मुख्यतः फ्रेंचमध्ये आहेत, तेव्हा नावं आधी वाचून जा. याच दालनात गुडेआचे काळ्या दगडाचे पुतळे आहेत. त्यातला बसलेला छोटा पुतळाही निंगिशझिदालाच वाहिलेला. तोही चुकवू नका.

मोनालिसा? राहिलीच. भाचा अजून रुसलाय.